शम्मनचा पगार

उर्दू कादंबरीतली पहिली लक्षात राहणारी मुलगी एका माजी शाळा तपासनिसाने लिहिली. पुढे पाऊणशे वर्षांनी त्या मुलीचा साचा ज्या नायिकेने मोडला, तीही एका शाळा तपासनीस बाईनेच लिहिली. मी स्वतः शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे असेल कदाचित, पण हा योगायोग मला साधा वाटत नाही.

पहिले म्हणजे डेप्युटी नजीर अहमद. ते काही काळ शिक्षण खात्यात शाळांचे डेप्युटी इन्स्पेक्टर होते. त्यांचे ‘मिरातुल उरूस’ १८६९ साली आले. आपल्या मुलींना वाचायला काही धड पुस्तक नाही म्हणून त्यांनी ते लिहायला घेतले, आणि सरकारने त्याला एक हजार रुपयांचे बक्षीस दिले. दिल्लीच्या दोन सख्ख्या बहिणी, दोन सख्ख्या भावांना दिलेल्या. थोरली अकबरी फूहड, धाकटी असगरी सुगरण. असगरी हिशेब ठेवते, चोर नोकराणीला पकडते, सासऱ्याचा विस्कटलेला संसार सावरते आणि घरातच मुलींची शाळा काढते. माझ्या आजीच्या पिढीत कुणाची सून चांगली निघाली की ‘असगरी आहे’ म्हणत. या बुद्धिमान मुलीला एकच गोष्ट कुणी विचारत नाही, ती म्हणजे नवरा पसंत आहे का. आणि ती शिकवते, पण शिकवण्याचा पगार घेत नाही. शरीफ घरातल्या बाईने उस्तानी म्हणून पैसे घेणे कमीपणाचे मानले जाई.

दुसरी लेखिका इस्मत चुगताई, आपल्या इस्मत आपा. जन्म १९१५, बदायूँचा. लखनौच्या इझाबेला थोबर्न कॉलेजातून बी.ए., अलीगढमधून बी.टी., म्हणजे आजचे बी.एड. या दोन्ही पदव्या घेणारी पहिली भारतीय मुस्लिम स्त्री असे त्यांच्याबद्दल सांगतात. आम्हा बी.एड.वाल्यांनी हे वाक्य स्टाफरूममध्ये लावून ठेवायला हरकत नाही. मुलींच्या शाळांत मुख्याध्यापिका म्हणून काम करून १९४० नंतर त्या मुंबईत शाळांच्या तपासनीस म्हणून आल्या, आणि मग मरेपर्यंत मुंबईच्याच झाल्या. ‘टेढी लकीर’ याच वर्षांतली. मुलगी मोठी कशी होते, प्रेमात कुणाला निवडते, कुणाला नाकारते आणि कुठे फसते, हे उर्दूत इतक्या सविस्तर आणि इतक्या निर्भीडपणे तोवर कुणी लिहिले नव्हते.

दुर्दैवाने आपल्याकडे इस्मत म्हटले की फक्त ‘लिहाफ’. १९४२ ची ती गोष्ट, मग लाहोरचा खटला, बरोबर मंटो. या किश्श्यांचा मला आता कंटाळा आला आहे. एका छोट्या कथेने बाईंची मोठी कादंबरी झाकून टाकली.

कादंबरीची नायिका शमशाद, घरात शम्मन. आईबापाचे दहावे मूल. जन्मली तेव्हाच घरातल्यांचा मुलांचा हौसमौजेचा कोटा संपलेला. दूध पाजणारी अन्ना हीच तिची पहिली माया, आणि अन्नाला घरातून काढून टाकतात. मग मोठी बहीण मंझू तिला न्हाऊमाखू घालते, रागावते, जवळ घेते. मंझूचे लग्न होते आणि तीही जाते. इस्मत आपांनी ही पाने लिहिताना लहान मुलीबद्दल लाडिक काही लिहिलेले नाही. शम्मन चावते, माती खाते, किंचाळते. ज्याने प्रेम केले तो निघून जातो, हे ती भाषा नीट यायच्या आधी शिकते. पुढच्या सगळ्या निवडी याच धड्यावर उभ्या आहेत.

यानंतर शाळा, वसतिगृह, कॉलेज. समीक्षक या कादंबरीबद्दल लिहिताना शम्मनच्या आयुष्यात आलेल्या पुरुषांची यादी करतात. मला ती यादीपेक्षा वर्गखोल्यांची मालिका वाटते. शम्मन पहिल्यांदा जीव लावते ती मिस चरण या शिक्षिकेवर. वसतिगृहात मुलींच्या मुलींशी असलेल्या ओढी, रुसवे, मत्सर हे सगळे येते, आणि आज वसतिगृहाची जबाबदारी असलेल्या कुठल्याही मॅडमला त्यातले काही नवे वाटणार नाही, फक्त कुणी बोलत नाही. नात्यातला एजाज घरच्यांनी तिच्यासाठी नजरेत धरलेला, तो तिला नको असतो. मग मैत्रीण प्रेमाच्या घरी जाता-येता ती प्रेमाच्या वडिलांच्या, रायसाहेबांच्या, प्रेमात पडते. ते वयाने बापाएवढे, धर्माने हिंदू, आणि तिला लेकच समजणारे. ती त्यांना मनातले सांगून टाकते आणि ते हादरतात. हा प्रसंग वाचताना हसू येते आणि लगेच हसल्याची लाजही वाटते. बापाने कधी डोक्यावरून हात न फिरवलेली मुलगी बापाच्या वयाच्या माणसाकडे जाते, यात नवल ते काय!

पुढे इफ्तिखार. पुरोगामी, क्रांतीची भाषा बोलणारा, छातीच्या विकाराने खंगलेला. शम्मन त्याला पूजते. एक दिवस कळते की त्याला बायको आहे, मुले आहेत आणि अशी पूजा करणारी शम्मन एकटीच नाही. इस्मत आपा स्वतः पुरोगामी लेखक चळवळीतल्या, तरी आपल्याच छावणीतल्या ढोंग्याला त्यांनी सोडले नाही. मला यासाठी त्या फार आवडतात. शेवटी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भेटलेला रॉनी टेलर, आयरिश. त्याच्याशी ती लग्न करते. लग्नाआधी जो गोरा-काळा प्रश्न दोघांनी हसण्यावारी नेला होता, तो लग्नानंतर स्वयंपाकघरापर्यंत येतो. बाजारात गोरे लोक वळून बघतात, आपले लोकही वळून बघतात. भांडणे विकोपाला जाऊन तो आघाडीवर निघून जातो, आणि त्यानंतर तिला कळते की आपण आई होणार आहोत. कादंबरी इथे संपते.

आता पगाराकडे येते. रॉनी येण्याच्या बऱ्याच आधी शम्मन मुलींच्या एका शाळेत मुख्याध्यापिका होते. त्या शाळेची अवस्था, पडक्या भिंती, व्यवस्थापनाचे राजकारण, कमी पगारात कण्हणाऱ्या बाया वाचताना विनाअनुदानित तुकडीवर काम केलेल्या माझ्यासारखीला ऐंशी वर्षांचे अंतर जाणवत नाही. पण त्या कण्हण्यातही एक गोष्ट झालेली असते. शम्मनला आता घरी परत जावे लागत नाही. एजाजला नाही म्हणायला तिने तोंड उघडले तेव्हा ती घरातली हट्टी मुलगी होती. आता तिच्या ‘नाही’मागे महिन्याच्या पगाराचे पाठबळ आहे. असगरी आणि शम्मन यांच्यातला खरा फरक बुरख्याचा किंवा इंग्रजीचा नाही. एक शिकवते आणि पैसे घेत नाही, दुसरी शिकवते आणि पैसे घेते.

हे फक्त उर्दूत घडले असे समजू नका. १९३३ साली पुण्यात ‘कळ्यांचे निःश्वास’ हे पुस्तक विभावरी शिरूरकर या टोपणनावाने निघाले आणि गदारोळ झाला. सभा झाल्या, वर्तमानपत्रांत टीका झाली, ही बाई कोण याचा शोध सुरू झाला. ती बाई म्हणजे बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या, महिला विद्यापीठाच्या पदवीधर, आणि मुलींच्या शाळेत शिक्षिका. त्यांच्या पुस्तकातल्या कळ्या म्हणजे शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुली. त्यातल्या एका कथेचे नावच ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ असे आहे. मुलगी कमावते, पगार बापाच्या घरात जातो आणि तिच्या लग्नाचे कुणी मनावर घेत नाही.

त्याच सुमारास उत्तरेत काय चालले होते बघा. डिसेंबर १९३२ मध्ये लखनौहून ‘अंगारे’ हा कथासंग्रह निघाला. त्यात डॉ. रशीद जहाँ होत्या. अलीगढला मुलींची शाळा काढणाऱ्या शेख अब्दुल्लांची ही मुलगी. मार्च १९३३ मध्ये संयुक्त प्रांत सरकारने पुस्तक जप्त केले. म्हणजे एकाच वर्षात पुण्यातले ब्राह्मण आणि लखनौ-अलीगढचे अश्राफ एकाच गोष्टीवरून भडकले होते: आपण शिकवलेल्या मुली आता लिहू लागल्या. मालतीबाईंनी इस्मत वाचली होती की इस्मतने विभावरी, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. दोघींच्या पाठीमागे एकच गोष्ट होती, मुलींची शाळा आणि तिच्यातली नोकरी.

दुसऱ्याच वर्षी, १९३४ साली, मालतीबाईंची ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी आली. नवऱ्यापासून वेगळी झालेली अचला विराग नावाच्या पुरुषावर प्रेम करते आणि लग्नाशिवाय त्याच्याबरोबर राहायचे ठरवते. आजचा वाचक म्हणतो, घटस्फोट घे आणि लग्न कर ना. पण १९३४ च्या पुण्यात सवर्ण हिंदू बाईला घटस्फोट कुठून मिळणार? मुंबई प्रांताचा हिंदू घटस्फोट कायदा १९४७ चा, सगळ्या देशाचा १९५५ चा. अचलाचे बंड हे निम्मे तरी कायद्याने तिच्यावर लादलेले होते.

इथे आपल्यातले काही जण कॉलर ताठ करतात. ‘आपल्याकडे तर निकाह हा करारच, खुला आहे, फस्ख आहे.’ कागदावर होते. प्रत्यक्षात ब्रिटिश कोर्टांत चालणाऱ्या हनफी मतानुसार बेपत्ता नवऱ्याची किंवा खर्च न देणाऱ्या नवऱ्याची बायको जवळपास अडकून पडलेली होती. त्यातून सुटायला काही बायका चक्क धर्म सोडत, कारण धर्म सोडला की निकाह आपोआप तुटत असे. हे बघून मौलाना अशरफ अली थानवी यांनी ‘अल-हीलतुन नाजिझा’ हे पुस्तक तयार केले आणि अशा प्रकरणांत मालिकी मत घ्यायला हरकत नाही असे दाखवून दिले. हे तेच थानवी, ज्यांचे ‘बहिश्ती जेवर’ आपल्याकडे मुलीच्या जहेजमध्ये ठेवतात. मग काझमी यांच्या विधेयकातून १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. चार वर्षे नवऱ्याचा पत्ता नाही, दोन वर्षे खर्च नाही, तर बाई कोर्टात जाऊ शकते. पंधराच्या आत बापाने लावलेला निकाह मुलगी अठराच्या आत नाकारू शकते, अट एवढीच की संसार सुरू झालेला नसावा. आपला इतिहास सांगताना हे पान आपण का गाळतो कळत नाही. पर्सनल लॉ म्हणजे दगडावरची रेघ असे सांगणाऱ्यांनीही हे वाचावे, आणि मुस्लिम समाजाने कधी काही बदललेच नाही असे म्हणणाऱ्यांनीही.

कायद्याने दार उघडले. पण दारातून बाहेर पडून बाई जाणार कुठे, याचे उत्तर कायद्यात नसते.

वर्ध्याच्या लोकांना एक सांगितले पाहिजे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला मारवाडी शिक्षण मंडळाच्या शाळेच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने आपल्या वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष. तिथून जी समिती निघाली तिचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन. नई तालीमची वर्धा योजना ती हीच. समितीत विनोबा, काकासाहेब कालेलकर, कुमारप्पा, आणि आणखी एक नाव होते, ख्वाजा गुलाम सैयदैन. ते तेव्हा अलीगढच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुख होते. त्याच अलीगढमधून इस्मत आपांनी बी.टी. केले. म्हणजे मुलांच्या हाताला काम आणि डोक्याला शिक्षण कसे द्यावे याचा विचार वर्ध्यात बसून करणारा माणूस ज्या कॉलेजाचा, त्याच कॉलेजाने शम्मनची लेखिका घडवली. मुलींच्या मनाला येणाऱ्या वयाचे काय, हा विषय समितीपुढे नव्हता. त्याच काळात, १९४० साली, आश्रमीय विचारांच्या प्रेमा कंटक यांनी मराठीत ‘काम आणि कामिनी’ लिहिली, तिचा सगळा ओढा ब्रह्मचर्याकडे. सेवाग्रामच्या हवेत प्रेम हा जिंकायचा विकार होता, आणि मुंबईच्या इस्मत आपांना तो मुलीच्या मोठे होण्याचा भाग वाटत होता. मला दोन्हींबद्दल आदर आहे, पण दहावीच्या वर्गात रोज उभी राहते म्हणून सांगते, मुली इस्मत आपांच्या बाजूच्या असतात.

आता माझ्या जिल्ह्यातले आजचे चित्र. उर्दू शाळांतून मुली मुलांपेक्षा जास्त शिकताना मला दिसतात. डी.एड., बी.एड. हा घरच्यांचा आवडता रस्ता, कारण शिक्षिकेच्या नोकरीला रिश्ते चांगले येतात. बायोडाटात ‘बी.एड., टीईटी पास’ लिहिलेले असते, अगदी उंची आणि रंगाच्या शेजारी. म्हणजे जी पदवी शम्मनला घराबाहेर काढते, ती आपल्याकडे चांगल्या घरात पोहोचवण्यासाठी घेतली जाते. माझी एक माजी विद्यार्थिनी मंगनीच्या वेळी सासरच्यांनी काय विचारले ते सांत होती: ‘मॅडम, त्यांनी विचारलं, बँकेचं खातं सिंगल आहे का जॉइंट?’ तिने जॉइंट करून दिले. तिचे नीट चालले आहे, तक्रार नाही. दुसरीचा बाप चार वर्षे प्रत्येक रिश्त्यात खोट काढतो आहे, कारण धाकट्या भावाच्या इंजिनिअरिंगची फी तिच्या पगारातून जाते. मालतीबाईंची १९३३ ची कथा मी तिला वाचायला दिली. तिने परत करताना एवढेच म्हटले, ‘ही बाई आमच्या मोहल्ल्यात राहत होती का?’

आणि ‘नाही’ म्हणण्याबद्दल. २०२० साली आमच्याच जिल्ह्यात शिकवण्याच्या पेशातल्या एका तरुण मुलीला एका पुरुषाच्या एकतर्फी हट्टापायी जीव गमवावा लागला. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. त्यानंतर कित्येक दिवस आया मुलींना सोडायला फाटकापर्यंत येत होत्या, उर्दू शाळेतही आणि मराठी शाळेतही. पगाराने नकाराला पाठबळ मिळते, संरक्षण मिळत नाही.

माझ्या काही वाचकांचा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतो आहे. रॉनी टेलरचे काय? मुस्लिम मुलीने गैरमुस्लिमाशी लग्न केले आणि मॅडम त्याचे कौतुक करताहेत? शरीअतमध्ये त्याला जागा नाही, हे मला ठाऊक आहे आणि इस्मत आपांनाही ठाऊक होते. कादंबरी फतवा मागायला आलेली नाही. शिवाय तिने हे लग्न सुखाचे म्हणून दाखवलेलेही नाही. त्या काळच्या १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली मुसलमान आणि ख्रिश्चनाला लग्न करायचे तर दोघांनाही आपण आपला धर्म मानत नाही असे लिहून द्यावे लागे. १९५४ च्या कायद्याने ते काढून टाकले. आज शम्मनला धर्म नाकारावा लागणार नाही, पण तिची नोटीस तीस दिवस कार्यालयात लागेल, आणि ती कुणीही वाचील. डिसेंबर २०२२ मध्ये तर आपल्या राज्य सरकारने आंतरधर्मीय विवाहांची माहिती ठेवणारी समितीच नेमली. घरचे म्हणतात मुलगी नादान आहे, सरकारही तेच म्हणते. एरवी एकमेकांचे तोंड न बघणारे हे दोघे इथे एकमेकांची वाक्ये बोलतात.

आणि शम्मन चुकते, हे खरेच आहे. रायसाहेब चूक, इफ्तिखार चूक, रॉनी बहुधा चूक. असगरी एकदाही चुकत नाही, कारण तिला निवडायचेच नसते. मुलींना शिकवा म्हणणारी आपली सगळी भाषणे असगरीसाठी लिहिलेली असतात. शिकलेली मुलगी शहाणीच निवड करील, या अटीवर आपण तिला शिकवतो. तिची निवड फसली की फी वाया गेली म्हणतो. मुलगा कर्ज काढून दुकान टाकतो, बुडवतो, पुन्हा टाकतो, त्याला आपण अनुभव म्हणतो.

शेवटाबद्दल वाचकांत वाद आहेत. काही म्हणतात, इतकी बंडखोर मुलगी शेवटी आईपणातच नेऊन ठेवली, म्हणजे इस्मत आपा कचरल्या. मला तसे वाटत नाही. ही कादंबरी सुरू होते ती कुणालाच नको असलेल्या एका मुलीच्या जन्माने. शेवटी जे मूल येणार आहे त्याचा बाप गेलेला आहे, मामा-मावश्या तोंड फिरवणार आहेत, आणि त्याची वाट बघणारी एकच बाई आहे. पण तिला शाळेत काम करता येते, आणि अन्नाला जसे हाकलले तसे तिला कुणी त्या मुलापासून हाकलू शकत नाही.

ज्यांना उर्दू वाचता येत नाही त्यांच्यासाठी ‘टेढी लकीर’ हिंदीत, म्हणजे देवनागरीत, छापलेली मिळते. भाषा बेगमाती आहे, पहिली तीस-चाळीस पाने अडखळायला होईल, तेवढी पार करा. मालतीबाईंची पुस्तके तालुक्याच्या जुन्या वाचनालयात शोधा. आमच्याकडचे ‘हिंदोळ्यावर’ पुठ्ठा निघालेले आहे, पण पाने सगळी आहेत.